पट्ट्यावरचं कुंकू

"मशीन वापरणार कोण?" दुकानातल्या माणसानं विचारलं.

"घरचीच सगळी," मी म्हणाले.

"तसं नव्हं वहिनी. मुख्य कोण? वय किती, वजन किती, गुडघे कसे, ह्याच्यावर सगळं असतंय. नाहीतर लोक हौसेनं नेतात आणि चार महिन्यांनी त्याच्यावर टॉवेल वाळत घालतात."

माणूस चांगला होता. घाटगे त्याचं नाव. कोल्हापुरातल्या त्या दुकानात शिरल्यापासून त्यानं आम्हाला एकदाही महागातलं घ्या म्हटलं नव्हतं. उलट एकेका मशीनवर मला चढवून, चालवून दाखवत होता. साधी सायकल झाली. मग पाठीला टेकायला खुर्ची असलेली, पाय पुढे लांब करून चालवायची सायकल झाली. तिच्यावर बसले तर दाढी करून घ्यायला आल्यासारखं वाटलं. मग दोन्ही हात-पाय एकदम हलवायचं ते क्रॉस ट्रेनर. त्यावर मी अशी काही हेलपाटले की घाटगेंनी दुसरीकडे बघितलं. आणि मग ट्रेडमिल.

ट्रेडमिलवर पाय ठेवला, पट्टा हळूच सरकायला लागला आणि मी चालायला लागले. समोर भिंतभर आरसा होता. त्यात चौऱ्याऐंशी किलोची सदतीस वर्षांची बाई चालत होती, आणि ती कुठंही पोचत नसली तरी तिला कुणी बघत नव्हतं. मला ते मशीन हवं होतं.

माझा नवरा उदय दुकानाच्या दाराशी फोनवर होता. तो साखर कारखान्यात केमिस्ट. गळिताचा हंगाम चालू होता, कशीबशी अर्ध्या दिवसाची रजा मिळाली होती. फोनवर हात ठेवून त्यानं तिथूनच विचारलं, "हेमा, डॉक्टरांनी नक्की काय सांगितलंय?"

"चालायचं म्हणालेत. रोज अर्धा तास."

"मग हेच घे की." तो परत फोनवर.

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. ते काय म्हणाले होते त्याची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती, आणि तिथवर हात न्यायला मला एक क्षणही लागला नसता.

मशीन घ्यायचं होतं ते माझ्या सासूबाईंसाठी. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्यांना बारा वर्षांची शुगर होती. मुलगा साखर कारखान्यात आणि साखर आईच्या अंगात, असा विनोद त्या स्वतःच करायच्या. मीच त्यांना आमच्या कऱ्हाडच्या डॉक्टर शिरगुप्प्यांकडे घेऊन गेले होते. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा एक ताठ धागा तळपायाला टोचत म्हणाले, "लागलं की सांगा."

आत्या डोळे मिटून वाट बघत बसल्या. टाच झाली, चवडा झाला, बोटं झाली, डॉक्टरांनी दोन्ही पाय पुरे केले. तरी आत्या गप्पच. शेवटी म्हणाल्या, "लावा की आता. किती वेळ बसू?"

डॉक्टर हसले नाहीत. त्या बाहेर चपला घालायला गेल्यावर मला म्हणाले, "पायाची जाणीव गेलीय. खिळा घुसला तरी कळायचा नाही. व्यायाम हवाच, पण बसून. टेकून बसायची सायकल घ्या. ट्रेडमिल नको. आणि उघड्या पायानं घरातसुद्धा फिरू देऊ नका. एकदा जखम झाली की बोटं जातात, कधी पायही जातो." तेच त्यांनी चिठ्ठीत इंग्रजीत लिहून दिलं.

मला सगळं कळलं होतं. 'मला वाटलं', 'मला माहीत नव्हतं' असल्या वाटा मी स्वतःसाठी ठेवलेल्या नाहीत.

पण त्याच महिन्यात उदयच्या मित्राच्या मुलीचं लग्न झालं होतं. ग्रुप फोटोच्या वेळी फोटोग्राफर मला म्हणाला, "काकू, तुम्ही जरा मागं उभ्या राहा, तिघं झाकतायत." सगळे हसले. उदयही हसला. मी मागं गेले. सकाळी संगमावर फिरायला जावं तर सहाला उदयचा डबा, सातला मामांचा चहा, आठला लेकीची, केतकीची शाळा. माझ्यासाठी मशीन आणा म्हणायची सोय नव्हती. घरातले आधी हसले असते आणि मग, वर-खाली कामं करत जा म्हणाले असते. आत्यांसाठी मात्र काहीही आलं असतं.

"एक विचारायचं राहिलं," घाटगे पावतीपुस्तक उघडता उघडता म्हणाले. "घरात कुणाला शुगर? पायाला मुंग्या, बधिरपणा? असं असेल तर मी ट्रेडमिल देत नाही. ती टेकायची सायकल देतो."

उदय फोनवर रसाच्या टाकीबद्दल कुणाला तरी झापत होता.

"नाही हो," मी म्हणाले. "तसं कुणी नाही."

घाटगेंनी पावती लिहिली. तिच्या मागे मोठ्या अक्षरात तारीख टाकली. "महिनाभराची मुदत. नाही पटलं तर बदलून दुसरं देतो, नेणं-आणणं आमच्याकडं. आणि बूट घालूनच चालायचं, वहिनी. उघड्या पायानं पट्टा पाय सोलतो."

परतताना मी बुटांचे दोन जोड घेतले. एक माझ्या मापाचा, एक आत्यांच्या. म्हणजे बघा, मी अगदीच वाईट नव्हते असं दाखवायची तयारी मी तेव्हापासूनच केली होती.

मशीन माजघरात बसवलं. दुसरीकडे जागाच नव्हती. समोरच्या कोनाड्यात देव्हारा. टेम्पोवाली माणसं गेल्याबरोबर आत्यांनी पाण्याचा तांब्या, हळदीकुंकू, नारळ असं सगळं काढलं. आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत, मग ती मिक्सर असो की मोटार. त्यांनी मशीनच्या आकडे दिसायच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पट्ट्यावर दोन्ही कडांना पाच-पाच बोटं ओढली, नारळ फोडला आणि मामांना म्हणाल्या, "पाया पडा की. चालायची लक्ष्मी आलीया घरात." मामा निमूट पाया पडले. ते तलाठी म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे कुणाच्याही हुकमाची त्यांना सवय होती.

मी बुटांचा खोका उघडला.

आत्यांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे, मग माझ्याकडे. "ह्ये घालून? देवाम्होरं?"

"नवे आहेत आत्या. बाहेर घालायचेच नाहीत."

"नवं असलं म्हणून काय झालं? पायताण ते पायताणच. आत्ता हात जोडले मी ह्येला, आन् पायताण घालून ह्येच्या उरावर चढू व्हय?" मग जरा नरम येऊन म्हणाल्या, "आन् जोडव्यावर बूट बसंल का गं? जोडवी काय मी काढायची न्हाई. तुझं मामा हायेत अजून."

मामांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

डॉक्टरांनी सांगितलंय, एवढे दोनच शब्द पुरले असते. आत्या डॉक्टरांचं वाक्य देवाच्या प्रसादासारखं घ्यायच्या. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांनी बारा वर्षं चहात साखर घातली नव्हती, तिळगूळसुद्धा कपाळाला लावून परत देत. पण डॉक्टरांचं नाव काढलं असतं तर उदय म्हणाला असता, बघू चिठ्ठी. उदय शेजारीच उभा होता.

"राहू दे," मी म्हणाले. "पट्टा स्वच्छच आहे तसा."

आत्या खूश झाल्या. पदर खोचून, हँडल दोन्ही हातांनी धरून त्या चढल्या आणि सगळ्यात कमी वेगावर चालायला लागल्या. "अगं बया! कऱ्हाडापासनं मलकापुरापतोर आले आसंन, आन् ह्यो देव्हारा हाय तिथंच!" केतकी टाळ्या वाजवत होती. उदयनं फोटो काढला. त्या फोटोत आत्यांच्या पायातली जोडवी चमकताना दिसतात. तो फोटो अजून आहे. मी तो अल्बममध्ये उलटा घातलाय.

त्या रोज सकाळी देवपूजा झाली की पंधरा मिनिटं चालायच्या, पुढे पुढे वीस. शुगर उतरायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मशीन दाखवायच्या. "सुनंनं आणलंय. मला म्हणून आणलंय."

आणि दुपारी चारला आत्या विठोबाच्या देवळात हरिपाठाला गेल्या, मामा वाचनालयात गेले की मी दार लावून घ्यायचे. खोक्यातून माझे बूट काढायचे, घालायचे आणि चालायचे. हो, मी बूट घालायचे. देव्हाऱ्याचा पडदा तेवढा ओढून घ्यायचे. उतरले की पट्टा पुसून, बूट परत कपाटात. तीन आठवड्यांत माझे चार किलो उतरले. ब्लाउजचा एक टाका आत घेतला त्या दिवशी मी न्हाणीत गाणं म्हटलं होतं.

पंचविसाव्या दिवशी दुपारी मी मशीन सुरू केलं आणि पट्टा फिरला तसे त्यावर डाग दिसले. पट्टा काळा, पण मधोमध एक पांढरी रेघ होती. त्या रेघेवर, हातभर अंतरानं, तांबूस ठिपके. एक गेला, दुसरा आला, तिसरा आला.

मी बटण दाबून मशीन थांबवलं. फडकं ओलं करून पुसलं. फडक्यावर तपकिरी-लाल आलं.

कुंकू असणार, मी मनाशी म्हटलं. पूजेचं.

पूजा होऊन पंचवीस दिवस झाले होते. मी रोज पट्टा पुसत होते. कुंकू कडांना होतं, मध्ये नव्हतं. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या माहीत होतं. मग मी काय केलं असेल? स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला अडकवलेल्या पावतीची मागची बाजू बघितली. मुदत संपायला पाच दिवस होते.

आज सांगितलं तर चिठ्ठी निघणार. मशीन जाणार, टेकायची सायकल येणार. आणि मी परत मागच्या रांगेत.

आत्या हरिपाठावरून आल्या. मी विचारलं, "आत्या, पाय-बिय दुखत नाही ना?"

"न्हाई गं. काय दुखत न्हाई. लई हलकं वाटतंय."

ज्या पायाला काही कळत नाही, त्या पायाबद्दल मी त्याच्या मालकिणीला विचारलं होतं आणि तिनं दिलेलं उत्तर पुढचे पाच दिवस उराशी धरून बसले होते. सव्विसाव्या दिवशी डाग जास्त होते. सत्ताविसाव्या दिवशी मी आत्यांना म्हणाले, "दोन दिवस चालू नका, मशीनला तेल द्यायचंय." एवढा दयाळूपणा मी केला. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांच्या अंथरुणाच्या चादरीला पायाकडे डाग होता. ती चादर मी केतकीच्या गणवेशाबरोबर भिजत घातली. एकोणतिसाव्या आणि तिसाव्या दिवशी मी त्यांच्या पायाकडे बघितलंच नाही. घरात माणसाच्या पायाकडे न बघता वावरणं फार अवघड असतं. मी ते केलं.

एकतिसाव्या दिवशी सकाळी मी म्हणाले, "आत्या, पाय दाखवा बरं जरा."

"आज गं काय? संक्रांत का काय, पाया पडतीस?" असं हसत त्यांनी पाय पुढे केला.

उजव्या पायाचं दुसरं बोट जोडव्याच्या वरखाली सुजून जोडवं आत रुतलं होतं. त्याच्या खालची कातडी सोलून काळी पडली होती. पट्ट्यावर पाय घासून जोडवं महिनाभर तिथं कुरतडत होतं. वास येत होता. आत्यांनी वाकून पाहिलं आणि नवल वाटल्यासारखं म्हणाल्या, "अगं, ह्ये कवा झालं?"

डॉक्टर शिरगुप्प्यांनी पाय बघितला आणि जोडवं कापायला पक्कड मागवली. बाहेर उदय गाडी लावत होता. मी पडद्याच्या आत, आत्यांच्या उशाशी. पक्कड येईपर्यंत डॉक्टर आत्यांच्या फायलीची पानं उलटत होते. एका पानाशी थांबले.

"मी सायकल लिहून दिली होती ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग ही जखम चालून कशी?"

त्या क्षणी मी बोलले असते, खरं बोलले असते, असं मला अनेकदा वाटतं. ते खोटं आहे. मी काहीतरी रचतच होते.

तेवढ्यात आत्याच उठून बसल्या. डॉक्टर रागावलेत आणि ते सुनेवर रागावलेत एवढंच त्यांना कळलं होतं. "तिला काय म्हणू नगासा, डाक्टर. तिनं बूट आणलं हुतं. चांगलं, नवं, माझ्या मापाचं. चालायच्या मशीनवर मीच घातलं न्हाईत. मी म्हणलं देवाम्होरं पायताण न्हाई. माझाच हट्ट."

डॉक्टरांनी फाईल मिटली. "उघड्या पायानं चाललात? मशीनवर? आजी, कमाल आहे तुमची!" आणि ते आत्यांवर कडाडले. आत्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. माझ्यावरचा राग त्यांनी पुरता आपल्या अंगावर घेतला होता, आणि तेही तो कुणाच्या वाट्याचा आहे हे माहीत नसताना. उदय आत आला तेव्हा डॉक्टर बुटांबद्दलच बोलत होते. सायकलचा विषय पुन्हा निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात दोन बोटं काढली. जोडव्याचं आणि त्याच्या शेजारचं.

चार महिने मी रोज ड्रेसिंग केलं. पाणी कोमट आहे का ते आधी माझ्या हातावर घेऊन बघायचे. चिठ्ठी मी त्याच आठवड्यात फाडून बंबात घातली होती. उदयनं मशीन विकून टाकलं, टेकायची सायकल आणली आणि आत्या ती शेवटपर्यंत चालवत राहिल्या. माझं वजन परत चौऱ्याऐंशीवर गेलं, वर सहा आणखी. ते मला बरंच वाटलं.

कापलेलं जोडवं आत्यांनी देव्हाऱ्यात एका डबीत ठेवलं. डाव्या पायात एकच घालून फिरायच्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचं लक्ष जायचंच. मग आत्या सगळी गोष्ट सांगायच्या, मीठमसाला लावून, स्वतःची टिंगल करत. नवं मशीन, नारळ, पाया पडणारे मामा, आणि बूट. "ह्या पोरीनं हात जोडून सांगितलं, आत्या घाला. मी ऐकलं न्हाई. म्हातारपणी असला हट्ट करू नये बायांनो. दोन बोटं गेली तवा अक्कल आली." आणि मग माझ्याकडे वळून, दर वेळी, "व्हय का न्हाई गं हेमा?"

"हो," मी म्हणायचे.

मी हात जोडून काही सांगितलं नव्हतं. 'राहू दे' म्हणाले होते. पण गोष्ट सांगता सांगता आत्यांनी माझा वाटा वाढवत नेला होता. बायका म्हणायच्या, सून असावी तर अशी. मी वाणाची ताटं उचलायचे.

नऊ वर्षं असं चाललं. ह्या नऊ वर्षांत आम्ही दोघीच घरात असलेल्या दुपारी किती झाल्या असतील? मी प्रत्येक दुपारी तिथंच होते. एकदा तर तोंड उघडलंही होतं. म्हणाले, "आत्या, त्या बुटांचं..." तर त्या म्हणाल्या, "आता किती दिस मनाला लावून घेशील? तुझी काय चूक न्हाई त्यात." मी चहा टाकायला गेले.

आत्या गेल्या त्या मार्गशीर्षात, एका सकाळी, झोपेतच. मामा होते, म्हणून त्यांना सवाष्णीसारखं सजवायचं होतं. हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, हिरवा चुडा चढवला. मामा भिंतीला टेकून, समोर बघत बसले होते. गल्लीतल्या रखमाकाकू पुढं होऊन सगळं करत होत्या. डाव्या पायातलं जोडवं त्यांनी नीट केलं. मी देव्हाऱ्यातली डबी आणून दिली. त्यातलं जोडवं कापलेलं, पण त्यांनी ते हातानं दाबून गोल केलं आणि आत्यांचा उजवा पाय हातात घेतला. मग थांबल्या.

"हे गं कुठं घालायचं?" त्या हळूच म्हणाल्या.

त्या पायावर दुसऱ्या बोटाची जागा सपाट होती. रखमाकाकूंनी ते जोडवं अंगठ्याच्या आणि करंगळीकडच्या बोटांच्या मध्ये नुसतं ठेवलं. ते घरंगळून खाली पडलं. मी उचलून परत ठेवलं आणि पडू नये म्हणून तिथंच धरून बसले.

रखमाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "लई हट्टी बाई," त्या म्हणाल्या. "हिनं बिचारीनं बूट आणून दिलेले, हात जोडून सांगितलं, पण ऐकेल तर ती म्हातारी कसली. होय ना गं हेमा?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. उदय दाराशी उभा होता. पाय गार होता, आणि माझ्या हाताखाली होता.

"हो," मी म्हणाले.